जुन्या तरींचे जतन: धक्का राखावा की होडीही चालवावी?

खाडीकाठ:
ठाणे आणि कळव्याच्या मधल्या खाडीवर १८५४ साली रेल्वेचा पूल झाला, वाशीचा पूल १९७३ साली आणि ऐरोलीचा १९९९ साली. पूल झाला की शेजारच्या तरीचे, म्हणजे होडीने खाडी ओलांडण्याच्या सोयीचे, उतारू घटतात आणि धक्क्याकडे कोणी फिरकत नाही. या जुन्या धक्क्यांची डागडुजी करून तेथे माहितीफलक लावावेत, असे आता अनेकजण सुचवतात. माझ्या मते तेवढ्याने तरीचे जतन होणार नाही. दगडी पायऱ्या, होडी आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगणारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, हे सारे मिळून ‘तर’ होते. चतुर्थीला, म्हणजे चारची पाऊणपट करून, तीनच्या सुमारास पाणी भरणार, हा हिशेब रोजच्या वापरात राहिला तरच पुढच्या पिढीकडे जाईल. म्हणून एखाद्या ठिकाणी तरी, भरतीच्या वेळेपुरती का होईना, होडी चालू ठेवावी.

ऐरोलीकर:
मला हे पटत नाही. ओहोटीला होडी धक्क्यापासून लांब थांबे आणि उतारूंना चपला हातात घेऊन, पोटरीभर चिखल तुडवत काठ गाठावा लागे. ते हाल संपले म्हणूनच लोकांनी पुलांचे स्वागत केले. आज होडीसाठी गाळ उपसायचा, तर काठावरच्या खारफुटीला धक्का लागणार. उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीच्या तोडीविरुद्ध कठोर आदेश दिले आहेत, शिवाय खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही. त्यापेक्षा कागद वाचवा. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याखाली सार्वजनिक तरींचे मक्ते, म्हणजे ठेके, दिले जात. त्या मक्त्यांची आणि दरांची कागदपत्रे शोधणे, हयात तांडेलांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, हे काम आधी व्हायला हवे, कारण ती माणसे आता थकली आहेत.

खाडीकाठ:
ध्वनिमुद्रण अवश्य करावे. मात्र गाळ उपसा, असे मी म्हटलेलेच नाही. उथळ तळाची होडी भरतीच्या पाण्यावर आहे त्या वाटेने जाऊ शकते. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये २०२४ साली रो-रो, म्हणजे वाहनेही नेणारी बोटसेवा सुरू झालीच की.

ऐरोलीकर:
तेथे रस्त्याचा फार मोठा वळसा वाचतो, म्हणून उतारू मिळतात. ऐरोलीला पूल डोळ्यांसमोर असताना रोज होडीत कोण बसणार? आणि उतारूच नसतील, तर ती ‘तर’ न राहता सहल होईल.

कोळीवाड्यातून:
आपण दोघेही धक्का रिकामा आहे असे धरून बोलत आहात. आमच्या धक्क्याच्या खालच्या पायऱ्यांवर कालवे, म्हणजे खडकाला धरणारे शिंपले, चिकटलेली आहेत, वरच्या पायऱ्यांवर जाळी वाळतात आणि लोखंडी कडीला आजही होड्या बांधल्या जातात. सुशोभीकरण म्हणजे कठडे, दिवे आणि फरशी असेल, तर होडी लावायची कोठे? फेरी सुरू करायची असेल तर ती आमच्याच तांडेलांकडे द्यावी, आणि तसे करायचे नसेल तर निदान धक्क्यावरचा आमचा वापराचा हक्क आधी लेखी नोंदवावा. उधाणात ढासळलेल्या पायऱ्या मात्र पावसाळ्यापूर्वी बांधून द्या. त्यासाठी या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही.

ऐरोलीकर:
पायऱ्यांच्या दुरुस्तीला आणि हक्काच्या नोंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फेरीला नाही.