आरपीएफ आणि जीआरपी एक नाहीत

वर ज्यांनी लिहिलंय की ठाणे स्टेशनवर मोबाईल मारला आणि आरपीएफवाल्याने (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने) "जीआरपीकडे जा" म्हणून पिटाळलं, त्यांचा राग समजतो, पण तो जवान हात झटकत होता असं मला नाही वाटत. आरपीएफ केंद्राचं दल, १९५७ च्या कायद्याने आलेलं, त्यांचं मुख्य काम रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा, चोर ते पकडू शकतात पण प्रवाशाच्या चोरीचा एफआयआर नोंदवून तपास करणं हे जीआरपीचं, म्हणजे लोहमार्ग पोलिसांचं, आणि ते राज्य पोलीस आहेत. खाकी दोघांची सारखीच, मग माणूस गोंधळणारच ना!

आता खरं महत्त्वाचं. मोबाईल गाडीत नेमका कुठे गेला ते कळत नसेल, कळवा स्टेशन म्हणा मुंब्रा म्हणा, तरी "हद्द आमची नाही" हे कारण चालत नाही, नव्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असो गुन्हा नोंदवून घेणं, स्पष्ट आहे, आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यावीच लागते. आणि प्लीज, चोरी झाली असेल तर "गहाळ" असं लिहून घेऊ देऊ नका, गहाळमध्ये गुन्हाच दाखल होत नाही, मग तपास कशाचा करणार? गाडीत असतानाच काही झालं तर रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनला फोन लावा.