महालातल्या वाड्याच्या विटा: सिमेंटने दरजा भरू नका

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटने दरजा (विटांमधले सांधे) भरून वर चमकदार सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप मारा, असा सल्ला एका भाऊंनी दिला आहे. कळकळीची विनंती, हे करू नका.

जुनी वीट मऊ असते आणि ओल शोषते. चुन्याच्या सांध्यातून ती ओल बाहेर पडते. सांधा सिमेंटचा झाला की पाण्याला वाट फक्त विटेतून उरते. मग क्षार विटेच्या तोंडाशी साचतात, लोणा लागतो आणि पापुद्रे सुटून विटेचा भुगा होतो. सीलरने ओल आतच कोंडते. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया थोडा हलला तर चुना ते सामावून घेतो, सिमेंटच्या कडक सांध्याशेजारी मात्र वीटच तडकते.

आधी पन्हळी, गच्ची आणि पायाजवळचं साचणारं पाणी बघा, ओलीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. सैल झालेला चुना हातोडी-छिन्नीने काढा, ग्राइंडर नको, विटेच्या कडा जातात. सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल जा, विटा भिजवा आणि चुना, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) यांचं मिश्रण दाबून भरा. सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून सफाई, तर अजिबात नको, विटेची भाजलेली कठीण साल निघून जाते.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशात चुना पकड घेण्याआधीच वाळतो. थंडीतही ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी पाणी मारत राहा.