मोबाईलवर आलेला मेल सकाळी गायब, अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवर मात्र दिसतो, सिंक बिघडलंय का?

टेरी_टॉवेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे, थोडाफार माल बाहेर जातो. मेल स्वतःच्या डोमेनवरचा, होस्टिंगसोबत मिळालेला, सीपॅनेल (होस्टिंग सांभाळायचं वेब पेज) वगैरे आहे. इन्फो वाला एकच आयडी सगळीकडे टाकलाय, म्हणजे माझा मोबाईल, माझा कॉम्प्युटर आणि अकाउंटंटचा जुना कॉम्प्युटर. दोन्ही कॉम्प्युटरवर थंडरबर्ड, म्हणजे मेल बघायचं सॉफ्टवेअर.

तर होतंय असं की रात्री मोबाईलवर मेल येतो, मी वाचतो, आणि सकाळी ऑफिसात येऊन बघावं तर इनबॉक्समध्ये नाहीच. ट्रॅशमध्ये नाही, स्पॅममध्ये नाही. परवा बायरचा मेल होता, ४५० जीएसएम (टॉवेलचं वजन, दर चौरस मीटरला ग्रॅम) नको ५०० करा आणि डॉबी बॉर्डरचा शेड बदला म्हणून. म्हटलं सकाळी प्रिंट काढून डाईंगवाल्याला देऊ, तर सकाळी मेलच नाही, आणि लॉट तर लागायला आलेला. शेवटी बायरलाच परत पाठवा म्हणून सांगावं लागलं, काय इज्जत राहिली सांगा. नंतर कळलं तोच मेल अकाउंटंटकडे निवांत पडलेला. दुसरं म्हणजे अकाउंटंट जे मेल पाठवतो ते माझ्या सेंटमध्ये कधीच दिसत नाहीत. होस्टिंगवाल्याला फोन केला की "सर्व्हर ओके आहे सर", फोन कट. काय करू?

कडक_भाकरी

आमच्याकडे पण असंच व्हायचं मालक. सगळीकडनं अकाउंट रिमूव्ह करा, परत अ‍ॅड करा, आपोआप सिंक होतं. पाच मिनिटाचं काम.

सातरस्ता_आयटी

@टेरी_टॉवेल थांबा!! अकाउंटंटच्या कॉम्प्युटरवरून काहीही रिमूव्ह करू नका. भाकरी भाऊंनी चांगल्या मनानंच सांगितलंय, पण तुमच्या केसमध्ये तसं केलं तर जुने मेल कायमचे जाऊ शकतात, कारण बहुतेक ते आता फक्त त्या एकाच हार्डडिस्कवर आहेत.

मला एक सांगा, रविवारी ऑफिस बंद असतं तेव्हा मोबाईलवरचे मेल राहतात का? आणि सोमवारी तो कॉम्प्युटर चालू झाला की जातात? तसं असेल तर तो कॉम्प्युटर पॉपवर आहे, नव्वद टक्के तेच. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन सगळी पत्रं उचलून घरी आणायची पद्धत, पोस्टात मागे काही राहत नाही. तुमचा मोबाईल आयमॅपवर असणार, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि प्रत्येक मशीन फक्त आरसा दाखवतं. सर्व्हरवरनं मेल उचलला गेला की मोबाईल पण इमानदारीत तो काढून टाकतो. म्हणजे सिंक बिघडलेलं नाही, उलट नको तितकं बरोबर चाललंय 😄

आधी वेबमेल उघडा, ब्राउझरमधून, सीपॅनेलमधून जाता येतं. तिथं जे दिसेल तेच सर्व्हरवर आहे. वेबमेलमध्ये आहे पण अ‍ॅपमध्ये नाही, तर अ‍ॅपकडे बघायचं (थंडरबर्डमध्ये फोल्डरवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर, बऱ्याचदा इंडेक्स खराब झालेला असतो). वेबमेलमध्येच नाही, तर कोणीतरी उचललाय. मग अकाउंटंटकडे अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज बघा. पोर्ट ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. आणि पॉप निघालं तर लगेच तिथल्या लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर वर टिक करा, खाली १४ दिवसाचा ऑप्शन असतो त्यावरची टिक काढा. निदान आजपासून मेल गायब होणं तरी थांबेल.

टेरी_टॉवेल_सोलापूर

लै भारी सर. रविवारचं बरोबर निघालं, मी कधी तसा विचारच केला नव्हता. ९९५ आहे, टिक पण नव्हती. आधीच्या मुलानं सेट करून दिलेलं, तो आता पुण्याला गेला. आता टिक केली. पण मग जुने मेल सगळे अकाउंटंटकडेच अडकले ना, ते माझ्याकडे कसे आणायचे?

सातरस्ता_आयटी

येतात. पण घाई करू नका, आधी थंडरबर्डचं प्रोफाईल फोल्डर अख्खं पेनड्राईव्हवर कॉपी करा, थंडरबर्ड बंद ठेवून. मग सीपॅनेलमध्ये मेलबॉक्सचा कोटा बघा, कारण जुने मेल वर चढवायचेत आणि कोटा छोटा असला तर मध्येच भरेल, आणि भरला की नवीन मेल बायरकडे बाऊन्स होतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. जागा असेल तर अकाउंटंटच्याच थंडरबर्डमध्ये तोच आयडी आयमॅप म्हणून दुसऱ्यांदा अ‍ॅड करा, पॉपवालं राहू द्या. दोन्ही एकाखाली एक दिसतील. आयमॅपवाल्यात जुने मेल नावाचं फोल्डर करा आणि पॉपच्या इनबॉक्समधले मेल सिलेक्ट करून त्यात कॉपी करा. मूव्ह नको, कॉपी. वर्षावर्षाचे गठ्ठे करून करा, सगळे एकदम उचलले तर नेट गेलं की कुठपर्यंत गेले कळत नाही, आणि तुमच्या एमआयडीसीतल्या लाईटीचं काय सांगायचं.

सेंटचं पण त्यातच आहे. मेल पाठवायचं काम एसएमटीपी करतं, ते सेंटमध्ये काही ठेवत नाही, कॉपी ठेवायचं काम अ‍ॅपचं. पॉपवाला अ‍ॅप ती स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. आयमॅप झालं की कॉपीज अँड फोल्डर्समध्ये सेंट हे सर्व्हरवरचंच फोल्डर निवडा. मोबाईलनं सेंट आयटम्स असं वेगळंच फोल्डर बनवलं असेल तर तिथं पण बघा, दोघांचं एकच पाहिजे.

टेरी_टॉवेल_सोलापूर

चढले सगळे, वेबमेलला पण दिसतात. पॉपवालं बंद केलं. पण आता नवीनच नाटक. माझ्या कॉम्प्युटरवर मधूनच एरर येतो, कनेक्शनची लिमिट संपली म्हणून. मोबाईल डेटावर सगळं मस्त, ऑफिसच्या वायफायवर आलं की लटकतं. आणि एखाददुसरा मेल अजूनही गायब होतोय ओ, रोज नाही, पण होतोय.

रॅपियर_लूम

मध्येच बोलतो. लिमिटचं कारण सोपं आहे. थंडरबर्ड एका आयमॅप अकाउंटला ५ कनेक्शन उघडून ठेवतो, बाय डिफॉल्ट. दोन कॉम्प्युटर म्हणजे १०, वर मोबाईल. ऑफिसच्या राउटरमागनं सगळे सर्व्हरला एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) दिसतात. होस्टिंगवर बहुतेक डव्हकॉट (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) असतो, त्याची मूळ सेटिंग एका युजरला एका आयपीवरून १० कनेक्शन अशी आहे, होस्टिंगवाले कमीजास्त करतात. मोबाईल डेटावर आयपी वेगळा म्हणून तिथं चालतंय. दोन्ही थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं ५ चे २ करा.

गायब होण्याचं म्हणाल तर दोन संशय. एक, अकाउंटंटकडे मेसेज फिल्टर लावलेत का बघा, जीएसटीचे, बँकेचे मेल लोकल फोल्डर्समध्ये टाकणारे. आयमॅपमधून लोकलमध्ये मूव्ह केला की सर्व्हरवरनं जातोच. दोन, अजून कुठंतरी हाच आयडी पॉपवर चालू आहे आणि तुम्हाला आठवत नाही. हे शोधायची लै सोपी आयडिया सांगतो, मेलबॉक्सचा पासवर्ड बदला. तुम्हाला माहीत असलेल्या तीन ठिकाणी नवीन टाका आणि गप बसा. जो चौथा बोंबलेल तो चोर. फक्त जास्त वेळ बोंबलत ठेवू नका, चुकीचा पासवर्ड सारखा गेला तर होस्टिंगचा फायरवॉल ऑफिसचा अख्खा आयपीच ब्लॉक करतो.

टेरी_टॉवेल_सोलापूर

सापडला!!! पॅकिंग सेक्शनमध्ये लेबल प्रिंटिंगला एक जुना पीसी आहे, त्यात कोणीतरी पूर्वी मेल टाकलेला. लेबल काढायची असली तरच चालू करतात, म्हणून रोज नाही होत. पासवर्ड बदलला आणि दुपारी पोरगा वर आला, म्हणे साहेब स्क्रीनवर सारखं पासवर्ड मागतंय 😂 त्यात बायरचे लै मेल निघाले, ते पण कॉपी करून चढवतोय आता. कनेक्शन २ केल्यावर एरर पण थांबला.

कडक_भाकरी

बघा, माझं ऐकलं असतं तर गेले असते सगळे 🙏 पण मला सांगा, माझ्या मोबाईलवर मेल येतो पण उशिरा येतो, ते पण पॉपमुळंच का?

रॅपियर_लूम

नाही भाऊ, तुमचं वेगळं. मोबाईलवर जीमेल अ‍ॅपमध्येच बाहेरचा आयडी टाकलाय ना? त्यात त्या अकाउंटची सिंक फ्रिक्वेन्सी असते, १५ मिनिटं वगैरे, ती बघा. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवर बंधन घातलं असेल तर काढा. तरी नाही झालं तर नवीन धागा काढा, फोनचं मॉडेल लिहून, इथं भेसळ नको.