डोंगरातलं दोन एकर धान: पिकवायचं की पड टाकायचं?

कोरचीकर_नागपुरात
राहतो मानेवाड्यात, पण जीव अडकलाय गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात. तिथं डोंगरउतारावर दोन एकर धान आहे, भाऊ कसतो. दिवाळीला गेलो तेव्हा वहीच घेऊन बसलो. २०२४-२५ च्या खरिपाचा हिशोब असा: ट्रॅक्टरची नांगरट-चिखलणी ८,०००, बियाणं-खत-फवारणी ९,५००, रोवणी १२,०००, निंदण ४,०००, कापणी-बांधणी-चुरणी १३,०००, वाहतूक-हमाली २,०००. एकूण ४८,५००. पिकलं २२ क्विंटल. ८ घरी ठेवलं, १४ व्यापाऱ्याला १,९०० नं दिलं. घरचंही त्याच भावानं धरलं तरी ४१,८००. म्हणजे ६,७०० खिशातून गेले, आणि आई-भावाची पाच महिन्यांची मजुरी धरलेलीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशी शेती बंद करावी, मोहाची आणि बांबूची लागवड करून मोकळं व्हावं.

मौद्याचा_धानवाला
भाऊ, १,९०० नं काहून विकलं? त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव २,३०० होता. वर राज्याचा बोनस हेक्टरी २०,०००, दोन हेक्टरपर्यंत. तुमच्या दोन एकराचे १६ हजार होतात. १४ क्विंटलवर चारशेचा फरक म्हणजे ५,६०० आणखी. तोटा वजा करून १४,९०० शिल्लक राहते नं बावा! तुमचं शेत नाही, विक्री तोट्यात आहे.

हिशोबी_माणूस
मौदेकर, तुमच्याकडं पेंच धरणाचं पाणी येतं, म्हणून बोलता. अनुदानावर उभा राहणारा नफा हा नफा नव्हे. सरकारनं बोनस जाहीर केला नाही त्या वर्षी काय? आणि रेशनवर १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं माणशी पाच किलो धान्य फुकट आहे. त्यापायी चिखलात कंबर मोडून घ्यायची?

रोवणीवाली
साहेब, पाच किलोत महिना कोणाचा निघतो? दोन वेळा भातच खाणारं घर आहे आमचं. ८ क्विंटल धानाचे पाचेक क्विंटल तांदूळ होतात. नागपूरच्या दुकानात ५० रुपये किलोनं घेऊन बघा, २५ हजार लागतील. धागाकर्त्यानं ते १५,२०० धरलेत. शिवाय तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, बैलांना, कोंडा कोंबड्यांना. हे वहीत कुठं आहे?

आता डोंगरातलं खरं दुखणं सांगते. आम्ही पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकले की पावसाकडं तोंड करून बसतो. एकवीस-पंचवीस दिवसांत रोवणी व्हायला पाहिजे. गेल्या खेपेला पावसानं दडी मारली, उतारावरच्या बांधीत पाणी थांबेना, पऱ्हे चाळीस दिवसांचे झाले. उपटताना खालचं पान पिवळं, कांडी धरलेली. असं रोप लावलं की फुटवे येत नाहीत, मग कितीही युरिया फेका. एकरी अकरा क्विंटल तिथंच ठरतात, भावात नाही. वरच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहान तळं, खोदून दोन पाणी मिळालं असतं तर हा धागाच निघाला नसता.

हिशोबी_माणूस
बोडीचा मुद्दा मान्य. पण खोदण्यात जमीन किती जाईल? दोन एकरात तेही बघावं लागेल.

सीमेवरचा
कोरचीपासून छत्तीसगड किती लांब? पलीकडं ३,१०० रुपये क्विंटल, एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी. जंगल तेच, पाऊस तोच, सरकार वेगळं. आणि मोहाचं म्हणाल तर झाड लावल्यावर फुलं वेचायला बरीच वर्षं थांबावं लागते. तोवर आई काय खाणार?

रत्नांग्रीचा_पाहुणा
नोकरीमुळे नागपुरात आहे. आमच्याकडे असंच 'परवडत नाही' म्हणत मळे पड टाकले. आता तिथं रान माजलंय आणि डुक्कर शेजाऱ्याचंही शेत खातंय. एकाचं शेत एकट्याचं नसतं.

कोरचीकर_नागपुरात
सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. मौदेकर, हमीभाव-बोनस मलाही माहीत आहे. सातबारा सामाईक आहे, पाच नावं. सरकारी खरेदीच्या नोंदणीला सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र मागितलं. ते वेळेत झालं नाही, म्हणून भावानं व्यापारी गाठला. रोवणीवाली ताई, तनीस-कोंडा धरला नाही, चूक माझी. तरी मजुरी धरली की उरतं काय?

मौद्याचा_धानवाला
मजुरीचं नंतर बोलू. पाचातली किती संमतीपत्रं आली होती?

कोरचीकर_नागपुरात
चार.

रोवणीवाली
आणि पाचवं कोणाचं?

कोरचीकर_नागपुरात
माझं. ऑफिसातून सुटी मिळत नव्हती. मग वाटलं, पुढच्या वर्षी बघू.

मौद्याचा_धानवाला
पुढचं वर्ष लागलं, राजेहो. नोंदणीची मुदत भावाला आजच विचारा.