चर्चा: परमिट रूममध्ये हवेचा मीटर बसवावा का?

मीटरवाला दादरकर

मंडळी, परवा ऑफिसमधल्या एकाच्या सेंड-ऑफला लोअर परळच्या एका बारमध्ये गेलो होतो. खिशात पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिसूक्ष्म धूळ, मोजायचा छोटा मीटर होता. मुलीला दमा आहे म्हणून घेतलेला, आता सवयीने सगळीकडे नेतो. बायको त्याला माझं धाकटं अपत्य म्हणते.

बाहेर फुटपाथवर आकडा ६८ (घनमीटर हवेत इतके मायक्रोग्रॅम धूळ). आत फॅमिली सेक्शनमध्ये, म्हणजे जिथे सिगारेट बंद आहे तिथे, १५० च्या आसपास. मागे काचेचं दार आणि त्यावर 'स्मोकिंग एरिया'. दाराखाली लाकडी पाचर मारून ते सताड उघडं ठेवलेलं, कारण वेटरच्या दोन्ही हातांत ट्रे. तिकडे टेबल भरलं की आमच्याकडे आकडा २०० पार. आणि माझ्या डोक्यावर 'येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे' अशी पाटी, साठ बाय तीस सेंटिमीटरची, नियमाबरहुकूम.

पाटी आहे म्हणजे बंदी पाळली, असं किती दिवस मानायचं? अशा प्रत्येक ठिकाणी एक मीटर भिंतीवर लावा, आकडे थेट वॉर्ड ऑफिसला जाऊ देत. माझं मत हे. तुमचं?

गल्ल्यावरचा

साहेब, माझं लालबागला २४ खुर्च्यांचं परमिट रूम आहे, वडिलांच्या वेळेपासून. तीसच्या खाली खुर्च्या म्हणून स्मोकिंगची खोली मला करताच येत नाही आणि मी केलेलीही नाही. गिऱ्हाइकाला सिगारेट लागली की तो बाहेर जातो, मग वरच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्या नावाने बोटं मोडतात. तेही ऐकून घेतो.

आता तुमचा मीटर. संध्याकाळी सातला गल्ल्यावरच्या गणपतीला धूप होतो. साडेसातला किचनमध्ये कोलंबी कढईत पडते. शेजारच्या प्लॉटवर टॉवर चढतोय, त्याची धूळ शटरखालून आत येते. यातली सिगारेट कुठली हे तो डबा सांगणार आहे का? की आकडा वाढला, साहेब आले, 'काय शेठ, मीटर जास्त दाखवतोय', एवढंच व्हायचं?

तर्कट

गल्लेवाल्यांशी सहमत, पण माझं कारण वेगळं. बंदी सिगारेट ओढण्यावर आहे, हवेतल्या धुळीवर नाही. २००३ चा तंबाखू नियंत्रणाचा कायदा बघा, २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम बघा, सूक्ष्म धुळीचा एकही आकडा त्यात सापडणार नाही. 'साहेब, मीटरवर २१० होते' यावर कुणाला दंड होईल? आणि झाला तरी ओढणाऱ्याला जास्तीत जास्त २०० रुपये. वीस सिगारेटचं पाकीट त्याहून महाग झालंय.

मुळात हा लढा आपल्याच मुंबईतला. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी घालायचा आदेश दिला, त्यानंतर कायदा आला. तेव्हाही अडचण हवा मोजण्याची नव्हती. पावती फाडायला कुणी येत नव्हतं, आजही येत नाही. दंड वाढवा, माणसं वाढवा. डबे कशाला?

खवट माहीमकर

हिवाळ्यात वडाळ्याला खिडकी उघडली की सिगारेट न ओढता फुकट मिळते. आधी शहराची हवा सुधारा, मग बारची बघू.

चाळकरीण

माहीमकर, गिऱ्हाईक दोन तास बसतं आणि उठून जातं. माझे बाबा अशाच एका बारमध्ये बावीस वर्षं वेटर होते, सकाळी अकरा ते रात्री एक. आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही. घरी आले की आई शर्ट आधी गॅलरीत टाकायला लावायची, खोलीत आणू द्यायची नाही. छातीचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'दिवसाला किती ओढता?' बाबा ओशाळून हसले, जणू त्यांचीच चोरी पकडली.

शहराची हवा वाईट आहे हे कबूल. पण ती बाबांना चौदा तास बंद खोलीत कोंडून तर कुणी दिली नव्हती.

लॅबवाली

मी हवा मोजण्याच्या कामात आहे म्हणून थोडं बोलते. दोन्ही बाजूंचं अर्धं अर्धं खरं आहे.

खिशातल्या मीटरमध्ये पंखा हवा ओढतो, कणांवर लेझरचा झोत पडतो आणि विखुरलेल्या प्रकाशावरून आकडा काढला जातो. कण उदबत्तीचा की सिगारेटचा हे त्याला कळत नाही. जुलैत मुंबईची दमट हवा असली की पाण्याने फुगलेले कणही तो जादा धूळ म्हणून मोजतो. शिवाय कारखान्यात त्याचं माप ठरवलेलं असतं ते दुसऱ्याच धुळीवर. परदेशातल्या बऱ्याच धूम्रपान-अभ्यासांत साइडपॅक नावाचं यंत्र वापरलं, त्यात सिगारेटच्या धुरासाठी आकड्याला ०.३२ ने गुणतात. म्हणजे यंत्र ३०० म्हणालं तर खरे शंभरच्या खाली. तेव्हा दादरकर, तुमचे २०० जसेच्या तसे धरू नका. (शंभर म्हणजेही कमी नाही बरं. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.)

म्हणून एक आकडा कधीच पुरावा होत नाही. एकाच वेळी तीन जागी मोजायचं: बाहेर रस्त्यावर, बंदीच्या भागात आणि किचनच्या दाराशी. दर मिनिटाची नोंद ठेवायची. कढईचा फुगवटा किचनकडून येतो, आधी तिकडे दिसतो. टॉवरची धूळ बाहेरही दिसते. दार उघडल्यावर फक्त बंदीच्या भागात चढणारा आकडा, तोही रात्रभर पुन्हा पुन्हा, म्हणजे मग तुमचं दार बोलतंय. त्यावरही वाद असेल तर निकोटिनचा बिल्ला लावा. काडेपेटीएवढी डबी, आत रसायन लावलेला कागद, आठवडाभर टांगायची आणि प्रयोगशाळेत तपासायची. धुपात आणि कोलंबीत निकोटिन नसतं.

मुंबईतल्या हॉटेल-बारमध्ये असं मोजून झालेलं आहे, २०११ साली तो अभ्यास छापूनही आला. जिथे ओढत होते तिथे सूक्ष्म कण जास्त सापडले.

तर्कट

ठीक, विज्ञान मान्य. पण दादरकरांनी स्वतःच लिहिलंय आणि त्यांच्याच लक्षात आलेलं नाही: वेटर ट्रे घेऊन आत जात होता. २०१७ च्या दुरुस्तीनंतर स्मोकिंगच्या खोलीत कसलीही सेवा देता येत नाही. तिथे ओढायचं आणि बाहेर यायचं. चहासुद्धा नाही. म्हणजे टेबल भरलं तिथेच नियम मोडला. शिवाय खोलीला चारी बाजूंनी पूर्ण उंचीची भिंत हवी, आपोआप मिटणारं दार हवं, आणि दार उघडलं तरी हवा बाहेरून आत ओढली जाईल असा पंखा हवा. हे बघायला लेझर कशाला? दाराच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत गेला तर पंखा बरोबर, तुमच्याकडे आला तर चूक.

गल्ल्यावरचा

वा! माझ्या गणपतीचा धूप आरोपी, आणि तुमची उदबत्ती साक्षीदार.

मीटरवाला दादरकर

सेवेचं माहीत नव्हतं, धन्यवाद. म्हणजे ती पाचर दाराखाली यायचं कारणच मुळात बेकायदा.

पण तर्कटराव, उदबत्ती धरायला माणूस लागतो आणि माणूस येणार हे गल्लीच्या तोंडाशी आधी कळतं. पाचर काढायला किती वेळ लागतो? साहेब बसेपर्यंत दार मिटलेलं, ट्रे बाहेर, पाटी चकाचक. रात्रभर नोंद ठेवणारा मीटर असेल तर साडेदहाला काय झालं ते सकाळी दिसेल. दंडासाठी नाही, कुठे आणि किती वाजता जायचं हे कळावं म्हणून. भिंतीवर कायमचा मीटर हा माझा हट्ट सोडतो. महिन्यातून एखादी रात्र, न सांगता, तीन मीटर.

तर्कट

न सांगता, हे तुम्ही लिहिलंत. अंमलात कोण आणणार ते लिहिलं नाहीत.

चाळकरीण

वेटरलाच विचारा की. पण मालकासमोर नको. बाबा मालकासमोर 'काही त्रास नाही शेठ' असंच म्हणायचे.

गल्ल्यावरचा

ताई, माझ्याकडे चार पोरं आहेत, त्यांना माझ्यामागे विचारा, मी फोन नंबर देतो.

आणि दादरकर, तुम्ही या येत्या रविवारी. सातच्या आधी या, धूप लावायच्या आत, आणि दहापर्यंत बसा. सिगारेट आत एकही पेटणार नाही. मला बघायचंय माझ्या कोलंबीचा आलेख कसा दिसतो. उद्या कुणी 'मीटर जास्त दाखवतोय' म्हणत आलं तर दाखवायला कागद असेल. चकणा माझ्याकडून, बाकीचं बिल तुमचं.

मीटरवाला दादरकर

येतो. पण माझ्याकडे मीटर एकच आहे.

लॅबवाली

दोन मी आणते. आधी तिन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी तासभर ठेवू, एकसारखं मोजतात का बघायला. म्हणजे सहाला यावं लागेल.