जुन्या फियाटचा रंग: आधी मूळ शेड शोधा

१९७०च्या फियाट ११००डी ला मूळचा फिकट रंग द्यावा की मेटॅलिक मरून, हा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे, मूळचाच द्या. कुर्ल्यात बनलेल्या या गाड्यांच्या गोलसर पत्र्यावर सॉलिड रंगच शोभतो. शिवाय मेटॅलिकमध्ये लांबीची (पत्र्यावर भरलेल्या पुट्टीची) प्रत्येक लाट उठून दिसते आणि पुढे एखादा दरवाजा ठोकला गेला तर नुसता टचअप जुळत नाही.

मूळ शेड बाहेरच्या पत्र्यावर शोधू नका, तो उन्हाने उडालेला असतो. दरवाजाचं आतलं पॅड काढा, डॅशबोर्डखाली आणि डिकीच्या रबराखाली बघा. सापडलेली जागा आधी रबिंग कंपाउंडने घासा, वरचा पिवळसर थर निघाल्याशिवाय रंगाच्या दुकानातल्या मशीनवर शेड जुळवू नका. बाहेर एक कोपरा ८०० च्या वॉटर पेपरने उतरता घासला तर थरांची वलयं दिसतात. प्रायमरच्या लगेच वरचा थर बहुधा कंपनीचा.

डब्याच्या झाकणावरच्या ठिपक्यावर निर्णय घेऊ नका. फूटभर पत्र्यावर तोच प्रायमर, तेवढेच कोट मारा, पूर्ण वाळू द्या आणि उन्हात व सावलीत, उभा धरून बघा. फिकट रंग राखाडी प्रायमरवर मळकट दिसतो.

जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तसाच ठेवून वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारला तर थिनरमुळे खालचा थर सुरकुततो, त्यामुळे पत्र्यापर्यंत उतरवणंच बरं. रंग एकाच बॅचचा घ्या, अर्धा लिटर जास्तीचा.

तरीही रंग बदलायचाच असेल तर आरसीवर आरटीओची नोंद लागते. ऑलिव्ह ग्रीन मात्र खासगी गाडीला चालत नाही, तो लष्करासाठी राखीव आहे.