शब्दचर्चा : अ‍ॅलॉय चाकाला ‘पाणी देणे’ म्हणावं का?

भाता, आर्वी : विळ्याला, कुऱ्हाडीला लोहार पाणी देतो, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करतो. आता खड्ड्यात वाकलेलं, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं अ‍ॅलॉय चाकही गॅसवर तापवून ठोकतात, वरून पाणी ओततात आणि ‘पाणी दिलं, पक्कं झालं’ म्हणतात. अॅल्युमिनियमला हा शब्द चालतो का?

ओतारी : नाही भाऊ, आणि इथे चुकीचा शब्द जिवावर बेतू शकतो. लालभडक पोलाद पाण्यात गेलं की तिथल्या तिथे कडक होतं. अॅल्युमिनियम पाण्यातून निघतं तेव्हा नरमच असतं.

ओतीव चाकाला बहुतेक ए-३५६ मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. ७०० अंशांच्या जवळपासच्या वितळलेल्या रसातून आरगॉन किंवा नायट्रोजन फिरवून हायड्रोजन काढतात. तो राहिला तर बारीक छिद्रं पडतात आणि पुढे चाकातून हवा झिरपते. मग हवेच्या हलक्या दाबाने रस खालून नळीवाटे साच्यात चढवतात. कडा आधी गोठावी आणि मधला तुंबा शेवटी, असा साचा थंड करतात. हा क्रम बिघडला तर आरा कडेला मिळतो तिथे पोकळी राहते, म्हणून प्रत्येक चाक एक्स-रेखाली पाहायला हवं.

खरी ताकद नंतर येते. चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास ठेवलं की मॅग्नेशियम धातूत विरघळतं. लगेच ६० ते ८० अंशांच्या पाण्यात बुडवतात. गार पाण्यात चाक वाकडं होण्याचा धोका जास्त. त्यानंतर १५५ अंशांच्या आसपास पुन्हा काही तास ठेवतात. तेव्हा मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि चाक कडक होतं. या सगळ्याला मिळून टी-६ म्हणतात.

बंडीवाला, दर्यापूर : म्हणजे शेवटच्या पायरीला ‘मुरवणे’ म्हणावं. लोणच्यासारखं, वेळ दिल्याशिवाय होत नाही.

ओतारी : उत्तम शब्द. गॅसच्या ज्योतीने हे मुरलेलं कडकपण जातं, वरून कितीही पाणी ओता. शिवाय अॅल्युमिनियम वितळेपर्यंत लाल दिसत नाही. ए-३५६ तर ५५५ अंशांच्या आसपास वितळू लागतं, त्यामुळे रंगावरून ताव ओळखण्याची लोहाराची नजर इथे कामी येत नाही. आऱ्यात किंवा तुंब्याजवळ वाक वा तडा असेल तर चाक भंगारात द्यावं.

भाता : आणि ‘फोर्ज्ड’ चाकाला ‘घडीव’ म्हणतात, तो शब्द?

ओतारी : तो नेमका आहे. ६०६१ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा गोल ठोकळा तापवून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबतात. त्यात ओतकामाची छिद्रं नसतात, म्हणून आरे बारीक ठेवता येतात आणि चाक हलकं होतं. टी-६ त्यालाही करावंच लागतं.

बंडीवाला : गॅरेजवाले ‘मॅग व्हील’ म्हणतात, ते?

ओतारी : जुन्या रेसिंग गाड्यांची चाकं खरोखर मॅग्नेशियमची असत, तिथून ते नाव आलं. आजच्या ओतीव चाकात मॅग्नेशियम अर्धा टक्काही नसतं, ६०६१ च्या घडीव चाकातही टक्क्याच्या आसपासच. ‘अ‍ॅलॉय’च म्हणा.